निवेदनाचा मसुदा

बँकेत अडतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाकडे गावातील लोक निवृत्तीनंतर दोन कामांसाठी येतात. कर्जाच्या व्याजाचा हिशेब तपासून घेण्यासाठी आणि सरकारदरबारी द्यावयाचा अर्ज लिहून घेण्यासाठी. माझ्याकडेही येतात. पत्राचा मायना, विषय, संदर्भ, मुद्द्यांची क्रमवारी आणि शेवटी ‘आपला विश्वासू’ हे सारे हाताला इतके सवयीचे झाले आहे की कोणी पत्र लिहून द्या म्हटले की मनाला बरे वाटते. याच सवयीपायी दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडली. पर्युषणाच्या निमित्ताने ती आपल्यासमोर मांडावी, असे वाटले म्हणून हा लेख.

जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा श्रीसंघ आहे. घरे मोजकी, पण मोंढ्यातील आडत, कापड, किराणा आणि सराफा या व्यवहारांमुळे गावात मान आहे. त्या वर्षी चातुर्मासाच्या आरंभी स्थानकात बैठक झाली. पर्युषणाचे आठही दिवस गावातील मांसविक्रीची दुकाने बंद ठेवावीत, असे निवेदन नगरपरिषदेला द्यावे, हा विषय निघाला. तोवर संवत्सरीचा एक दिवस दुकाने बंद असत. कोणाच्या आदेशाने बंद असत, हे बैठकीत कोणी विचारले नाही आणि मीही विचारले नाही. सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. “साहेब, मसुदा तुम्हीच करा,” असे अध्यक्ष म्हणाले आणि मी त्याच रात्री बसून तो केला.

मसुदा चांगला झाला होता, हे मी आजही नाकारीत नाही. अहमदाबाद महानगरपालिकेने पर्युषणात कत्तलखाने बंद ठेवण्याचा ठराव केला होता आणि १४ मार्च २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला, याचा दाखला मी दिला. एवढ्या अल्पकाळाची बंदी ही व्यवसायावरील अवाजवी बंधन ठरत नाही, हा त्या निकालातील मुद्दा मी अधोरेखित केला. सम्राट अकबराने आचार्य हीरविजयसूरींच्या उपदेशावरून काढलेल्या फर्मानाचाही उल्लेख केला. निवेदनाखाली शंभरावर सह्या झाल्या. नगरपरिषदेवर त्या वेळी लोकनियुक्त सभागृह नव्हते, प्रशासक होते. आठ दिवसांच्या बंदचा आदेश निघाला. पर्युषणाच्या पहिल्या दिवशी स्थानकात माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सामायिक आटोपून मी ओट्यावर बसलो होतो. एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत आले आणि पायरीखाली उभे राहिले. मी ओळखले. खाटीक समाजातील हे गृहस्थ पूर्वी माझ्या शाखेचे खातेदार होते. वर या म्हटले, तरी ते वर आले नाहीत. कोपरीच्या खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. नगरपरिषदेची नोटीस होती. आठ दिवस दुकान बंद ठेवावे, अन्यथा कारवाई करण्यात येईल.

“साहेब,” ते म्हणाले, “तुमच्या सवंत्सरीला मी दुकान बंदच ठेवीत होतो. एकादशीला ठेवतो तसंच. बाप ठेवीत होता, मी ठेवलं, आता पोरगा ठेवतो. कोणी सांगितलं न्हवतं. मंग ही नोटीस कशापायी?”

मी काहीतरी बोललो. शासनाची पद्धत, सर्वांना सारखा नियम, असे काही. नोटिशीतील तिसरे वाक्य माझ्याच मसुद्यातून जसेच्या तसे उचललेले होते, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी कागदाची पुन्हा नीट घडी घातली आणि ते गेले. त्या दिवशी प्रतिक्रमणात माझे मन लागले नाही.

या गृहस्थांचा आणि माझा परिचय तीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी आमच्याच गावच्या शाखेत व्यवस्थापक होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना दुभती जनावरे, शेळ्या, शिलाईयंत्र, छोटे दुकान यांसाठी अनुदानासह कर्ज द्यावयाचे असे. पंचायत समितीकडून प्रकरणे येत आणि बँकेने ती मंजूर करावयाची. मला त्यात एकच अडचण होती. शेळीपालन आणि कुक्कुटपालन यांची प्रकरणे हाताळताना जीव कासावीस होई. शेळ्यांची पाहणी करणे, विमा कंपनीने कानात मारलेला बिल्ला तपासणे, त्याचा क्रमांक नोंदवहीत उतरविणे, हे सारे मी करीत असे. मात्र घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय पाणी घेत नसे. एवढ्यावर मी मनाचे समाधान करून घेतले होते.

एके दिवशी मांसविक्रीच्या दुकानासाठीचे प्रकरण आले. अर्जदार हेच गृहस्थ. कागदपत्रे पूर्ण होती. मी ते प्रकरण नामंजूर केले नाही, कारण नामंजुरीला कारण लिहावे लागते. मी ते फायलींच्या गठ्ठ्यात सर्वांत खाली ठेवले. आठवडे गेले. ते दर बाजाराच्या दिवशी येत, बाकावर बसत आणि मी मान वर केली नाही की उठून जात. माझ्या खुर्चीमागे भगवान महावीरांची तसबीर होती. मी ती घरून आणून लावली होती आणि तिला रोज हार घालीत असे. गावात त्याचे कौतुक होते. आपल्या समाजाचे खातेदार आत येताना आधी तसबिरीला हात जोडीत आणि मग मला नमस्कार करीत.

एका बाजारी ते आत आले. माझ्याकडे न बघता तसबिरीकडे बघत म्हणाले, “साहेब, तुमच्या धरमात बसत नसंल तर तसं सांगा. मला राग न्हाई. मी दुसऱ्या बँकेत जातो. पर दुसरी बँक म्हणती, तुमचं गाव त्या शाखेला दिलेलं हाय.”

ते खरे होते. एप्रिल १९८९ पासून सेवाक्षेत्र पद्धती लागू झाली होती. प्रत्येक शाखेला गावे वाटून दिलेली होती आणि त्या गावच्या माणसाने त्याच शाखेकडून कर्ज घ्यावयाचे होते. म्हणजे या गृहस्थांना माझ्या टेबलाखेरीज दुसरे दार नव्हते. माझे स्वतःचे दुकान असते, तर कोणता माल ठेवावा आणि कोणता ठेवू नये, हे माझ्या धर्माने ठरविले असते. कोणाची तक्रार नसती. पण ते टेबल माझे नव्हते. ज्या ठेवींतून कर्ज द्यावयाचे, त्यांत आडत्यांच्या ठेवी होत्या तशाच मोलमजुरी करणाऱ्यांच्याही होत्या. त्यावर बसून मी माझे व्रत दुसऱ्याच्या खर्चाने पाळीत होतो.

त्याच आठवड्यात प्रकरण मंजूर केले. तसबीर घरी नेली आणि देवघरात लावली. कर्मचाऱ्यांनी विचारले, तेव्हा “काच तडकली आहे” असे सांगितले. ते असत्य होते आणि त्याचे प्रायश्चित्त मी नंतर घेतले. हप्ते वेळेवर आले की नाही, असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल. दोनदा थकले, नंतर भरले. मोंढ्यातील मोठ्या खात्यांचा अनुभवही याहून वेगळा नव्हता.

एकदा घेतलेला हा धडा मी तीस वर्षांनी विसरलो. म्हणून निवेदनाची ती गोष्ट मनाला अधिक लागली.

धर्मनिरपेक्षता हा शब्द आपल्या घरांत फारसा आवडीने उच्चारला जात नाही. तो राजकारण्यांचा शब्द वाटतो. कोणाला तो धर्म सोडण्याचा उपदेश वाटतो, तर कोणाला इतरांच्या लाडाचे दुसरे नाव वाटते. राज्यघटनेच्या उद्देशिकेत हा शब्द १९७६ साली ४२व्या दुरुस्तीने आला, हे खरे आहे. पण त्याचा आशय १९५० पासूनच घटनेत होता. अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आणि त्याच वाक्यात सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा घातली. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही, असे अनुच्छेद २७ सांगतो. १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत संरचनेचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

हे सारे मी वाणिज्य शाखेच्या माणसाला समजेल अशा रीतीने स्वतःला सांगतो. घराचे खाते आणि पेढीचे खाते वेगळे ठेवावे, हे आपल्याला लहानपणी शिकवले जाते. घरखर्च पेढीत टाकला की पेढी बुडते आणि पेढीचे देणे घरावर आले की घर बुडते. दोन खाती वेगळी ठेवणारा व्यापारी घरावर किंवा पेढीवर कमी प्रेम करतो, असे कोणी म्हणत नाही. शासन ही सर्वांच्या भागीदारीतील पेढी आहे. तिच्या खात्यावर एका भागीदाराने आपल्या घरचा नेम लिहू नये, एवढाच याचा अर्थ.

आणि या भागीदारीत आपला हिस्सा किती, तेही पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात जैनांची संख्या सुमारे ४४ लाख ५२ हजार, म्हणजे शंभरात अर्धाही नाही. त्यांपैकी सुमारे १४ लाख आपल्या महाराष्ट्रात. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैनांना राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्येच्या गुन्ह्यात धरले, तेव्हा देशभर आपण मूक मोर्चे काढले. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपण कशाचा आधार घेतला होता? बहुसंख्येला समजो वा न समजो, आमचे व्रत आम्हाला पाळू द्या, या तत्त्वाचाच. हेच तत्त्व ऑगस्टमध्ये हवे आणि सप्टेंबरमध्ये नको, असे कसे चालेल?

कारण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईत काय घडले, ते आपण पाहिले आहे. पर्युषणात एक-दोन दिवस कत्तलखाने बंद असण्याची तेथे जुनी वहिवाट होती आणि त्यावर कोणी फारसे बोलत नसे. त्या वर्षी मुंबई महापालिकेने चार दिवस आणि मीरा-भाईंदर महापालिकेने आठ दिवस बंदी जाहीर केली आणि वाद पेटला. निषेध म्हणून भर रस्त्यात मांसविक्रीचे स्टॉल लागले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मुंबईतील विक्रीवरील बंदीला स्थगिती मिळाली. आठ दिवस ज्यांनी पाणीही मोजून घेतले, त्या तपस्व्यांचे नाव त्या महिन्यात वृत्तपत्रांत कोठे आले नाही. ‘जैन’ हा शब्द मात्र रोज आला आणि तो बंदीच्या संदर्भात आला. वर्षानुवर्षांच्या सद्भावाने जे मिळत होते, तेही वादात सापडले.

अकबराच्या फर्मानाचा दाखला मी माझ्या मसुद्यात अभिमानाने दिला होता. नंतर त्यावर पुन्हा विचार केला. १५८३ मध्ये हीरविजयसूरी गुजरातेतून पायी चालत फतेहपूर सिक्रीला पोहोचले. त्यांच्याजवळ ना मते होती, ना सह्यांचे कागद, ना कोणाला निवडणुकीत दाखवायची भीती. त्यांनी सम्राटाला उपदेश केला आणि सम्राटाचे मन वळले. त्या काळी सत्ता एका माणसाची होती, म्हणून एका माणसाचे मन वळविणे पुरेसे होते. आज सत्ता सर्वांची आहे. मग सूरीजींच्या मार्गाने जायचे, तर मुख्याधिकाऱ्यांच्या कक्षाऐवजी त्या खाटकाच्या ओट्यापर्यंत जावे लागेल. आमच्या गावात तर तेही काम आमच्या पूर्वजांनी कधीच करून ठेवले होते. त्यांच्या शेजारधर्मामुळे ते दुकान तीन पिढ्या संवत्सरीला बंद राहत होते.

आमच्या मराठवाड्याला या विषयाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. आमचे दादाजी निजामाच्या अमलातील दिवस सांगत. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ नुसार सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे. मिरवणूक, वाजंत्री, नवे देवालय, या प्रत्येक गोष्टीला अडथळा येई. १९३८-३९ मध्ये आर्य समाजाने धार्मिक स्वातंत्र्यासाठी सत्याग्रह केला आणि हजारो लोक तुरुंगात गेले. दादाजी सांगत की सण घरात आणि आवाज दारात, अशी त्या काळी व्यापाऱ्यांची रीत होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर रस्ता सर्वांचा झाला. म्हणून सार्वजनिक जीवनातून धर्म पुसून टाकावा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्यांच्या आजोबांना मिरवणुकीसाठी परवानगीचे कागद हातात धरून उभे राहावे लागले, त्यांना रस्त्यावरच्या श्रद्धेचे मोल कळते.

आणि ती श्रद्धा आपल्या जिल्ह्यात किती सुंदर रूपांत दिसते! अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला रात्रभर लोक पायी जातात. आषाढी एकादशीला जालना शहरातून आनंदी स्वामींची पालखी निघते. अशा वाटांवर पाणी आणि फराळ घेऊन उभे राहण्यात आपल्या समाजाचे व्यापारीही असतात. कपाळी टिळा, डोक्यावर टोपी, दंडाला ताईत, शीख बांधवाची पगडी हे ज्याच्या त्याच्या अंगावरचे आहे. त्याने कोणाचे काही अडत नाही. आपले साधू-साध्वी मुखवस्त्रिका बांधून, अनवाणी, रस्त्याच्या कडेने विहार करतात. श्रद्धेचे याहून उघड प्रदर्शन कोणते? पण त्यासाठी कोणाला गाडी थांबवावी लागत नाही की दुकानाचे शटर खाली ओढावे लागत नाही. जालन्याच्या गुरु गणेश तपोधामात ज्यांची स्मृती आपण जपतो, ते गणेशलालजी महाराज खादीधारी म्हणून ओळखले जात. साधेपणा हीच त्यांची ध्वजा होती.

याउलट आम्ही काय करू लागलो आहोत, ते गेल्या वर्षीच्या शोभायात्रेत मी पाहिले. संवत्सरीनंतर तपस्व्यांची मिरवणूक निघाली. माझ्या पुतणीने अठाई केली होती. तिला सजवलेल्या रथात बसवले होते आणि रथापुढे डीजे होता. दोनशे पावलांवर रुग्णालय होते. रुग्णालयापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, हे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आम्हा सर्वांना ठाऊक होते. मी रथाजवळ गेलो, तेव्हा आठ दिवसांच्या उपवासाने थकलेली ती मुलगी दोन्ही कानांवर हात ठेवून बसली होती. “काका, आवाज कमी करायला सांगा ना,” ती म्हणाली. मी सांगितले. कोणाला ऐकू गेले नाही.

मोंढ्याच्या तोंडाशी मिरवणूक पाऊण तास थांबली. मागे ट्रॅक्टरची रांग लागली. मुगाचा हंगाम होता. वर आभाळ आले आणि बघता बघता सर कोसळली. ताडपत्री तोकडी पडली. मूग भिजला की डागी होतो, हे व्यापाऱ्यांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी मी कामानिमित्त मोंढ्यात गेलो, तेव्हा एका आडतीवर तोच माल लिलावाला होता. ‘ओला आहे’ म्हणून क्विंटलमागे भाव पाडला गेला. पाडणारा खरेदीदार आदल्या दिवशी डीजेपुढे माझ्या शेजारी उभा होता. त्याने व्यवहाराविरुद्ध काही केले, असे मी म्हणणार नाही. ओल्या मालाला तोच भाव कोणीही देणार नाही. पण माल कशामुळे ओला झाला, याची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही. शेतकरी पावसाला दोष देत निघून गेला. मीही त्याला काही सांगितले नाही. आदल्या संध्याकाळी आम्ही सर्वांनी एकमेकांना मिच्छामि दुक्कडम् म्हटले होते. माझ्या मोबाइलवरून चारशेच्या वर लोकांना तो संदेश गेला होता. त्या यादीत तो शेतकरी नव्हता आणि ते वृद्ध खातेदारही नव्हते.

यावर माझे मित्र एक प्रश्न विचारतात आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. “इतर सगळे करतात, मग आम्हीच का नाही? त्यांचे भोंगे, त्यांचे डीजे, त्यांचे चौकातले फलक तुम्हाला दिसत नाहीत का?” दिसतात. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद असावेत, हे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वांनाच बजावले आहे आणि ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आहे. ते सर्वांनी पाळावे आणि न पाळणाऱ्यावर शासनाने समान कारवाई करावी. पण बँकेत मी एक गोष्ट शिकलो. दुसऱ्याच्या खात्यावरील थकबाकी दाखवून कोणाची स्वतःची थकबाकी माफ होत नाही. शिवाय ज्याची संख्या अधिक त्याने रस्ता अडवावा, अशी चढाओढ एकदा सुरू झाली, तर शंभरात अर्धेही नसलेल्या समाजाचा तीत कितवा क्रमांक लागेल, हे व्यापारी माणसाला वेगळे सांगावे लागू नये.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. “आठ दिवस काही जीव वाचले, तर त्यात वाईट काय?” याचे उत्तर मी फार दिवस शोधले. एकही जीव खरोखर वाचत असेल, तर मी माझे हे सारे लिखाण मागे घेईन. पण त्या वृद्ध गृहस्थांच्या मुलानेच मला नंतर सांगितले की बंदच्या आदल्या दिवशी दुप्पट विक्री होते आणि नंतरच्या दिवशीही होते. जीव वाचले नाहीत, फक्त दिवस बदलले. बुडाली ती रोजच्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्याची आठ दिवसांची मिळकत. उपवासात मी माझे अन्न सोडतो, म्हणून ते तप होते. दुसऱ्याचे ताट ओढून घेतल्याने माझ्या कर्मांची निर्जरा होते, असे आपल्या शास्त्रात कोठे म्हटले आहे, हे मला कोणी दाखवून द्यावे.

जीवदया करायची तर मार्ग मोकळे आहेत. गोशाळा आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात आपला जिल्हा होरपळला, तेव्हा चारा आणि पाणी यांची गरज किती होती, हे आपण डोळ्यांनी पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. त्या मुलांत कोण कोणत्या धर्माचे, हे विचारले गेले नाही. लातूरकडचा माणूस आजही ‘जैन’ म्हटले की ते काम आठवतो. त्यासाठी एकही निवेदन द्यावे लागले नव्हते.

या वर्षी चातुर्मासाच्या आरंभी पुन्हा बैठक झाली. पुन्हा तोच विषय निघाला आणि पुन्हा नजरा माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो आणि वर लिहिलेल्या दोन्ही गोष्टी सांगितल्या, तसबिरीची आणि मुगाची. नोटिशीतील ते वाक्य माझे होते, हेही प्रथमच सांगितले. सभागृहात शांतता पसरली. मग एक तरुण सदस्य म्हणाला, “काका, तुम्ही बँकेत राहून बदललात.” एक ज्येष्ठ म्हणाले, “मिळालेले सोडून देणे हा व्यवहार नव्हे.” दोघांचेही बोलणे मनाला लागले, पण मसुदा लिहिण्यास मी नम्रपणे नकार दिला.

निवेदन गेले. दुसऱ्या कोणी लिहिले. शोभायात्रेच्या बाबतीत मात्र थोडे यश आले. आठ-दहा घरांतील महिलांनी, विशेषतः तपस्वींच्या आयांनी, आग्रह धरला आणि यंदा मिरवणूक सकाळी सातला, डीजेविना, मोंढा टाळून काढण्याचे ठरले आहे. डीजेचे वाचलेले पैसे कोठे द्यावेत, यावर अजून एकमत नाही. मी तालुक्याच्या रुग्णालयाचे नाव सुचवले आहे.

परवा मी त्या वृद्ध खातेदारांच्या घरी जाऊन आलो. आता ते अंथरुणालाच खिळले आहेत. दुकान मुलगा पाहतो. क्षमापनेचा दिवस अजून यायचा होता, तरी मी हात जोडले आणि नोटिशीतील वाक्य कोणाचे होते ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साहेब, तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदाच आलात.” मी निघताना मुलगा दारापर्यंत आला. मी त्याला विचारले, “यंदा आदेश निघाला नाही, तर?” तो म्हणाला, “सवंत्सरीला बंद ठेवू की. आज्यापासूनचं हाय ते. पर नोटीस आली तर साहेब, माझ्या मनाचं मला सांगता येत न्हाई.”

त्याच्या मनातील तो एक दिवस आपण कसा राखावा, याचा विचार प्रत्येक गावच्या श्रीसंघाने या पर्युषणात करावा, एवढीच माझी विनंती आहे. हे लिहिताना कोणा साधर्मिक बंधू-भगिनींचे मन दुखावले असेल, तर अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडम्.